जिल्हा न्यायालयातील नोकरी: अर्ज, कागदपत्रे आणि वेतनाचा हक्क

महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांत लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल या पदांसाठी मुंबई उच्च न्यायालयामार्फत एकत्रित जाहिरात निघते व अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. डिसेंबर 2023 च्या जाहिरातीत अशी एकूण 4,629 पदे होती, त्यांपैकी 2,795 कनिष्ठ लिपिकांची. पात्रतेच्या अटी जाहिरातीनुसार थोड्या बदलू शकतात, म्हणून पुढील तपशील त्या जाहिरातीच्या आधारे वाचावा.

कनिष्ठ लिपिकासाठी पदवी, मिनिटाला इंग्रजी 40 व मराठी 30 शब्दांच्या टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र आणि संगणक प्रमाणपत्र लागते. लघुलेखकाला याशिवाय इंग्रजी 100 व मराठी 80 शब्द गतीचे लघुलेखन यावे लागते, तर शिपाई-हमाल पदासाठी किमान सातवी उत्तीर्ण असणे पुरते. वय 18 ते 38, मागासवर्गीयांसाठी 43 पर्यंत. 28 मार्च 2006 नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो आणि आपल्या बाबतीत तसे नसल्याचे प्रतिज्ञापन, म्हणजेच लहान कुटुंबाचे प्रमाणपत्र, द्यावे लागते.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, टंकलेखन व संगणकाची प्रमाणपत्रे, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि प्रतिष्ठित व्यक्तींनी दिलेली चारित्र्य प्रमाणपत्रे तयार ठेवावीत. या सर्वांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असावी, असा माझा आग्रह आहे, कारण हीच माहिती पुढे सेवापुस्तकाच्या, म्हणजे नोकरीच्या अधिकृत नोंदवहीच्या, पहिल्या पानावर उतरते. जन्मतारखेतील दुरुस्तीसाठी सेवाप्रवेशापासून 5 वर्षांनंतर केलेला अर्ज सामान्यतः विचारातच घेतला जात नाही.

सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाला 15,000-47,600, कनिष्ठ लिपिकाला 19,900-63,200 आणि श्रेणी-3 च्या लघुलेखकाला 38,600-1,22,800 रुपये अशी वेतनश्रेणी आहे. महागाई, घरभाडे इत्यादी भत्ते वेगळे. नियुक्ती मिळाल्यावर आपले मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख आणि पदोन्नतीनंतरची वेतननिश्चिती, म्हणजे नव्याने ठरवलेले मूळ वेतन, सेवापुस्तकात नोंदली गेली आहे का, हे दरवर्षी स्वतः पाहावे, आणि सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतील वेतनचिठ्ठी त्या नोंदीशी ताडून पाहावी. ही तपासणी मागणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

तफावत आढळल्यास प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे लेखी निवेदन प्रबंधकांमार्फत द्यावे, सोबत नियुक्ती आदेश, सेवापुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती आणि वेतनचिठ्ठ्या जोडाव्यात आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी पाठपुराव्यावर कोणीही विसंबून राहू नये. येथे अनेकांची गल्लत होते ती पुढच्या पायरीवर: राज्य शासनाचे इतर कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जातात, मात्र 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 2 ने उच्च न्यायालय व त्याच्या दुय्यम न्यायालयांचे कर्मचारी त्या कक्षेतून वगळले आहेत. त्यामुळे निवेदन फेटाळले गेले किंवा अनुत्तरित राहिले, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयातच रिट याचिका करावी लागते.

वेळेचे भान येथे फार महत्त्वाचे आहे. चुकीच्या वेतननिश्चितीचे नुकसान दर महिन्याला होत असल्याने मागणी उशिरा केली तरी ती टिकू शकते, परंतु तरसेम सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानुसार थकबाकी साधारणतः याचिकेपूर्वीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते. रोजंदारी किंवा कंत्राटी नेमणुकीवर नियमित कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्यांना जगजित सिंग प्रकरणातील त्याच न्यायालयाच्या 2016 च्या निकालाचा आधार घेऊन त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मागता येते. त्यासाठी कामवाटपाचे आदेश व हजेरीच्या प्रती जपाव्यात.

याउलट कार्यालयानेच चुकून जास्त वेतन दिले आणि नंतर वसुली काढली, तर रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये वर्ग 3 व वर्ग 4 च्या (उदा. लिपिक व शिपाई) कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करण्यास मनाई केली आहे. मात्र जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र आधीच लिहून दिलेले असेल, तर हे संरक्षण मिळणे कठीण होऊ शकते, म्हणून वेतननिश्चितीच्या वेळी पुढे केलेला प्रत्येक कागद वाचूनच सही करावी आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी.