२४०० उष्मांकांचा आकडा आला कुठून?

नियोजन आयोगाच्या कृतिदलाने १९७९ साली एक निकष ठरवला. खेड्यातल्या माणसाला दिवसाला सरासरी २४०० उष्मांक लागतात आणि शहरातल्याला २१००. ज्या मासिक खर्चात लोकांच्या पोटात एवढे अन्न जाते, तो खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा. १९७३-७४ च्या किमतींनी ती खेड्यात माणशी ४९ रुपये ९ पैसे आणि शहरात ५६ रुपये ६४ पैसे आली. पुढची तीस वर्षे देशात गरीब किती याचा हिशेब याच पायावर उभा होता.

या रेषेवर भांडणे पुष्कळ झाली, पण ती बहुतेक रुपयांवरून. २०११ साली शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये रोज पुरेसे असल्याचे प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. मात्र रुपयांच्या मुळाशी उष्मांक आहेत आणि उष्मांकांच्या मुळाशी विद्यापीठांच्या तळघरांत बंद खोल्यांमध्ये बसवलेली माणसे आहेत. ती माणसे कोण होती, हे समजले की या आकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

शरीरातल्या ज्वलनाला मोजमाप मिळाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि किती बर्फ वितळला, प्राण्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे ताडून पाहिले. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे लाव्हाझिएने सेगँ या सहकाऱ्याच्या तोंडावर मुखवटा चढवला आणि तो बसलेला असताना, जेवल्यानंतर आणि पायाने वजन उचलताना किती ऑक्सिजन घेतो, हे मोजले. लाव्हाझिएच्या पत्नीने, मारी-आन हिने, या प्रयोगाचे चित्र काढले आहे आणि त्यात टेबलापाशी बसून नोंदी घेणारी ती स्वतःही दिसते. १७८९ साली हे निष्कर्ष मांडताना लाव्हाझिएला एक प्रश्न पडला: अंगमेहनत करणारा गरीब माणूस शरीर जास्त जाळतो, मग भरपूर अन्न मात्र ज्याला त्याची गरज नाही त्या श्रीमंताच्या ताटात का? चयापचयाचे शास्त्र जन्मले तेच हा प्रश्न घेऊन. पुढच्या शंभर वर्षांत प्रयोगशाळांनी मोजमाप अतिशय काटेकोर केले, हा प्रश्न मात्र बाजूला पडला.

एकोणिसाव्या शतकात या शास्त्राचे केंद्र जर्मनीत गेले. म्युनिकला कार्ल फॉइट आणि पेटेनकोफर यांनी माणूस आत राहू शकेल अशी श्वसनकोठी बांधली. फॉइटचा शिष्य माक्स रुबनर याने कुत्र्यावर प्रयोग करून दाखवले की अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडणारी उष्णता यांचा मेळ बसतो. फॉइटने कष्टकऱ्याच्या आहाराचे प्रमाणही घालून दिले, रोज ११८ ग्रॅम प्रथिने. हे प्रमाण त्याने काढले ते कामगार प्रत्यक्षात काय खातात हे पाहून. खातात म्हणजे तेवढे लागतेच, असे त्यात गृहीत होते. १९०४ साली येल विद्यापीठाच्या चिटेंडनने सैनिक, खेळाडू आणि स्वतःवर प्रयोग करून दाखवले की त्याच्या निम्म्या प्रथिनांतही माणूस धडधाकट राहतो. ‘खाल्ले किती’ आणि ‘लागते किती’ यांची ही गल्लत पुढे शंभर वर्षे या विषयाचा पिच्छा पुरवणार होती.

आपल्या पाकिटांवर छापलेला हिशेब, म्हणजे कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅमला ४ उष्मांक, स्निग्ध पदार्थ ९, हा विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा. जर्मनीत शिकून आलेल्या अ‍ॅटवॉटरने १८९०च्या दशकात कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठाच्या एका इमारतीच्या तळघरात, एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीने, एक खोली उभारली. सुमारे सात फूट लांब, चार फूट रुंद. आतली भिंत तांब्याची, तिच्याबाहेर जस्ताची, त्याबाहेर लाकडाचे थर. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून जेवण आत जायचे आणि मलमूत्र बाहेर यायचे, दोन्ही तोलून. नळ्यांतून फिरणारे पाणी आतल्या माणसाची उष्णता शोषून घ्यायचे आणि बाहेरचे सहायक त्या पाण्याचे तापमान रात्रंदिवस टिपत राहायचे. आतला तरुण कधी दिवसभर वाचत पडे, तर कधी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर घाम गाळी. अन्नातली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांच्यातला फरक एक टक्क्याच्या आसपास उतरायचा. मानवी शरीरही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाळते, याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी कुणी दिला नव्हता. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण खोलीत बसणारे होते विद्यापीठातले सहायक आणि तरुण विद्यार्थी, सगळे पुरुष, पोटभर जेवणारे.

अ‍ॅटवॉटरनंतर फ्रान्सिस बेनेडिक्टने हे काम बॉस्टनला नेले. १९१९ साली त्याने हॅरिस या संख्याशास्त्रज्ञाबरोबर एक सूत्र प्रसिद्ध केले. उंची, वजन, वय घातले की निवांत पडलेल्या माणसाला किती ऊर्जा लागते, ते सांगणारे हे सूत्र आजही आहारतज्ज्ञांच्या हाताशी असते. त्यामागे १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बालके यांची मोजमापे होती. याच बेनेडिक्टबरोबर मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमधल्या एलिनर मेसन यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांचा चयापचय मोजला आणि १९३१ साली प्रसिद्ध केला. तो अमेरिकी प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी भरला. हवामानामुळे, वंशामुळे, की पिढ्यान्‌पिढ्या कमी खाण्यामुळे? प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अर्धवट सुटला. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत (तीच पुढे हैदराबादला जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली) १९३०च्या दशकात ब्रिटिश पोषणतज्ज्ञ एक्रॉइड आणि सहकारी भारतीय धान्य-भाज्यांचे पृथक्करण करू लागले. १०० ग्रॅम ज्वारीत ३५० च्या आसपास उष्मांक, असे आकडे भारतीयांच्या हाती आले ते या कामातून. म्हणजे धान्यात किती आहे ते इथे मोजले गेले आणि शरीराला किती हवे, त्याचा मूळ साचा बाहेरून आला.

उपासमारीत शरीर काय करते, हे सर्वांत बारकाईने पाहिले ते मिनेसोटा विद्यापीठात, १९४४-४५ साली. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. अ‍ॅन्सेल कीज यांनी त्यांना फुटबॉलच्या मैदानाखालच्या प्रयोगशाळेत ठेवून २४ आठवडे सुमारे १५७० उष्मांकांवर जगवले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, आणि आठवड्याला २२ मैल चालणे. वजन चौथ्या हिश्शाने घटले. विश्रांतीतला चयापचय जवळपास ४० टक्क्यांनी उतरला, नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले. मुले ताटल्या चाटू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. गप्पा, वाचन, मैत्री या सगळ्यांतून त्यांचे मन उडाले. वजन शेवटी स्थिरावू लागले, म्हणजे शरीराने कमी अन्नाशी ‘जुळवून घेतले’. पण कोणत्या किमतीत, हे कीज यांच्या १९५०च्या द्विखंडी ग्रंथात पानोपानी नोंदलेले आहे. ते पूर्ववत व्हायला दिवसाला ४००० उष्मांकांच्या आसपास अन्न लागले.

त्याच १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक ‘संदर्भ पुरुष’ कल्पिला. वय २५, वजन ६५ किलो, सरासरी १० अंश तापमानाच्या प्रदेशात राहणारा, रोज ३२०० उष्मांक लागणारा. प्रत्येक देशाने यातून वजा-बेरीज करून आपली गरज काढायची. भारतीय तज्ज्ञ गटाने १९६८ साली आपले आकडे दिले. त्यांना लोकसंख्येतले वय, लिंग आणि श्रमांचे प्रमाण लावून १९७९ चे २४०० आणि २१०० निघाले.

पण त्याआधी पुण्यात एक मोठे काम झाले होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी माणशी २२५० उष्मांक धरले. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्चणाऱ्याला एवढे अन्न मिळत होते. या हिशेबाने खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसे रेषेखाली होती. ‘गरिबी हटाव’च्या त्या वर्षात या आकड्यांनी धोरणाची भाषा बदलली. गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राला दुष्काळाने गाठले तेव्हा लाखो हात खडी फोडायला लागलेच.

आणि याच पुण्यात त्या आकड्याला सर्वांत मोठे आव्हान मिळाले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, लंडनला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. अन्न व कृषी संघटनेत रोमला सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी जगाच्या भुकेचे मोजमाप केले. जगात प्रथिनांचा तुटवडा आहे या त्या काळच्या गाजावाजाला त्यांनी हिमतीने विरोध केला होता. लोकांना अन्नच पुरेसे मिळाले तर बहुतेकांची प्रथिनांची गरज आपोआप भागते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर १९८२ साली नवी मांडणी केली. तोच माणूस, तेच काम, तेच वजन, तरी त्याचे खाणे आणि खर्च आठवड्यागणिक बदलतात. शरीर आपली कार्यक्षमता स्वतःच कमीजास्त करते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी नव्हे. रेषा ओढायचीच तर सरासरीतून दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) वजा करून ओढा. विचलन १५ टक्क्यांच्या घरात धरले तर रेषा जवळपास ३० टक्क्यांनी खाली सरकते आणि कुपोषितांची संख्या बरीच घटते.

गणित निर्दोष होते. शरीरशास्त्राचा आधार मात्र तोकडा होता. पोटभर खाणाऱ्या निरोगी माणसाचे खाणे वरखाली होते, यावरून कायम खालच्या टोकाला असलेल्या मजुराचेही भागते असे म्हणता येत नाही. पहिल्याला उद्या जास्त खायची मुभा आहे, दुसऱ्याला ती कधीच नसते. दांडेकर वाद घालायला उतरले, राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन तर तुटून पडले. सुखात्म्यांनी संपादित केलेल्या आणि १९८२ सालीच पुण्यातून निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धान्त मांडला होता: खुरटलेली बरीच मुले आजारी नसतात, फक्त लहान चणीची असतात. गोपालन यांनी विचारले की लहान असणे निरोगी असेल, तर ते फक्त गरिबांसाठीच का? मला हा प्रश्न लाव्हाझिएच्या प्रश्नाचा थेट वारस वाटतो. सुखात्म्यांचा हेतू गरिबांना हिशेबातून वगळण्याचा मुळीच नव्हता. स्वच्छ पाणी आणि जुलाब-जंतांकडे लक्ष द्या, हा त्यांचा सततचा आग्रह होता. पण त्यांची रेषा सरकारच्या हाती पडती, तर वगळण्याचे काम तिनेच केले असते.

निकाल प्रयोगशाळेतून आला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि मारियो सोअर्स यांनी कायम अर्धपोटी राहणाऱ्या पुरुषांचा चयापचय मोजला. एकूण खर्च कमी होता, पण शरीर लहान म्हणून. स्नायू-अवयवांच्या दर किलोमागे पाहिले तर कसलीही खास काटकसर सापडली नाही. कमी अन्नात भागवण्याची युक्ती पेशींना अवगत नव्हती. माणूसच कमी उरला होता. त्याच सुमारास परदेशी सूत्रांचाही दोष दिसला. १९८५ साली जगाने स्वीकारलेल्या स्कोफिल्ड सूत्रामागच्या ७१७३ नोंदींपैकी ३३८८, म्हणजे जवळपास निम्म्या, इटालियनांच्या होत्या. भारतीयांच्या बाबतीत ते सूत्र गरज वाढवून सांगते.

‘लहान पण निरोगी’ला शेवटचा धक्का पुन्हा पुण्यानेच दिला. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या संशोधकांबरोबर १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या या आयांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खुरटलेले होते, पण कातडीखालची चरबी बरीचशी टिकून होती. वरून काटकुळे, आतून मेदाळ असे हे शरीर पुढे मधुमेहाकडे झुकते.

धोरणाने दरम्यान आपली वाट बदलली. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने रेषेला उष्मांकांच्या खुंट्यावरून सोडवले. २०१४ साली रंगराजन समितीने त्यांना परत आणले, खेड्यात २१५५ आणि शहरात २०९०, जोडीला प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. त्या अहवालावर निर्णय झाला नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींत ६५ किलोंच्या पुरुषाला बैठ्या कामात २११० आणि जड कामात ३४७० उष्मांक धरले आहेत, ५५ किलोंच्या स्त्रीला १६६० आणि २७२०. खेड्यातली ‘सरासरी’ काढताना पाटावर बसलेला आणि विहीर खणणारा एकाच बेरजेत जातात.