साठेखत झालं, मग घर विकलं गेलं का?

२० फेब्रुवारी २०२५ ला दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आमचा नंबर लागला. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, चार ठिकाणी सह्या. बाहेर आल्यावर एजंटनं हात मिळवला. "अभिनंदन सर, सुटलात! घर विकलं." संध्याकाळी आईनं मजल्यावरच्या चारही घरांत पेढे वाटले.

घर विकलं गेलं ५ मे ला. मधल्या ७४ दिवसांत मी जितक्या चुका केल्या, तितक्या घर विकत घेताना केल्या नव्हत्या. कारण एकच होतं. त्या दिवशी झालं ते साठेखत, आणि मी हिशेब मांडून बसलो होतो खरेदीखताचा.

बोलताना आपण दोन्हीला 'रजिस्ट्रेशन झालं' म्हणतो, 'व्यवहार झाला' म्हणतो. कार्यालय तेच, साक्षीदार तेच, जाडजूड कागदही तसाच. फरक कागदाच्या मजकुरातल्या क्रियापदात आहे. साठेखतात विकणारा म्हणतो, अमुक रक्कम पूर्ण मिळाल्यावर हे घर मी तुम्हाला विकेन. खरेदीखतात म्हणतो, विकलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा, आणि त्याचं कलम ५४ सरळच सांगतं की विक्रीच्या करारानं त्या मालमत्तेत कसलाही हक्क आपोआप तयार होत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एकत्र बांधून घरं 'विकण्याची' जी पद्धत दिल्लीकडे बोकाळली होती, तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प निकालात हेच सांगितलं. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानं.

या दोन्हींच्या आधी विसार पावती असते. कुणी इसार म्हणतं, शहरात सरसकट टोकन. लाखभर रुपये आणि एका पानावर सही. ती नोंदवलेली नसते, म्हणून तिच्यावर फार विसंबू नये, एवढंच तिच्याबद्दल.

मग मालकी जात नसताना साठेखताला इतका भाव का? महाराष्ट्रात त्याला एक व्यावहारिक कारण आहे. ताबा देण्याचं कलम असलेलं साठेखत आपला मुद्रांक कायदा खरेदीखतासारखंच धरतो आणि पूर्ण मुद्रांक शुल्क तिथेच वसूल करतो. आमच्या ८० लाखांच्या पुण्यातल्या फ्लॅटवर खरेदीदारानं सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार भरले, वर नोंदणी फीचे ३० हजार. पुढे खरेदीखताच्या वेळी हे शुल्क वळतं होतं आणि नाममात्र रकमेवर काम भागतं. म्हणजे सरकारचा खर्च सगळा पहिल्या तारखेला, मालकी मात्र दुसऱ्या. विकणाऱ्याच्या दृष्टीनं हे बरंच आहे. सहा लाखांच्या आसपास सरकारजमा केलेला माणूस सहसा मागे फिरत नाही. आठवडाभर फोन न उचलणारे खरेदीदार विसार पावतीच्या टप्प्यावर असतात. साठेखत झालेला खरेदीदार उलट तुम्हालाच रोज फोन करतो.

(बिल्डरकडून घेतलेल्या घराचं थोडं वेगळं असतं. तिथे पूर्ण मुद्रांक भरलेला करारनामा हाच बहुतेकांचा मुख्य कागद. इमारत आणि जमीन पुढे सोसायटीच्या नावे होते, किंवा अपार्टमेंट असेल तर प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट. मी बोलतोय ते जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीबद्दल.)

आता पैसे. इथे माझी खरी फजिती झाली, म्हणून आकडे जसेच्या तसे देतो. ठरलेली किंमत ८० लाख. टोकन १ लाख, साठेखताला १५ लाख, उरलेले ६४ लाख खरेदीदाराची बँक खरेदीखताच्या दिवशी देणार. माझ्या डोक्यात होतं की फेब्रुवारीत हातात १५ लाख येतील. आले १४ लाख २० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की खरेदीदाराला एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर आधीच, कापावा लागतो आणि बँक तिच्या ६४ लाखांतून काही कापू देत नाही, म्हणून त्यानं पूर्ण ८० हजार स्वतःच्या हिश्श्यातूनच कापले. हे बरोबरच होतं, मला फक्त ते आधी सुचलं नव्हतं. त्याच दुपारी माझ्या गृहकर्जाचे राहिलेले १४ लाख फेडले. उरले २० हजार. संध्याकाळी एजंटचा निरोप आला, अर्धी दलाली. एक टक्का म्हणजे ८० हजार, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ९४,४००. त्याचे अर्धे ४७,२००. ते टोकनच्या लाखातून दिले.

म्हणजे ८० लाखांचं घर 'विकून' त्या रात्री माझ्याकडे ७२,८०० रुपये होते. आणि पेढे वाटून झाले होते.

हे कळल्यावर झोप उडाली, कारण याच घराच्या भरवशावर मी दुसरीकडे फ्लॅट बुक केला होता आणि तिथला हप्ता मार्चअखेरचा होता. मुदत ठेव मोडली, बायकोच्या बांगड्यांवर कर्ज काढलं. दोष कुणाचाच नाही. साठेखतात येतो तो पैसा बहुधा तुमचं जुनं कर्ज फेडून कागद मोकळे करण्यापुरता असतो, तुमच्या नव्या घरासाठी नसतो. नव्या घराच्या हप्त्यांच्या तारखा खरेदीखताच्या अंदाजे तारखेला महिनाभर जोडून मागा. बिल्डर कुरकुर करतो, पण बुकिंगच्या वेळी मागितलं तर देतो. नंतर नाही.

मधले ७४ दिवस गेले कुठे? एक मोठा तुकडा मूळ कागदांत. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत बँकेनं मूळ दस्त परत द्यायचे आणि गहाणाची नोंद काढायची, न जमल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मला कागद अठ्ठाविसाव्या दिवशी मिळाले. नियमात बसणारे, पण ते २८ दिवस मी माझ्या वेळापत्रकात धरलेच नव्हते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, तेवढा एक खर्च वाचला. त्यानंतर खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाचा मालकी आणि बोजे तपासणारा शोध अहवाल, मूल्यांकन करणाऱ्याची फेरी, सोसायटीचं ना हरकत पत्र. सोसायटीला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. आमच्या सचिवांनी हस्तांतरणाच्या प्रीमियमसाठी एक लाखाचा आकडा सांगून पाहिला. महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे. 'ऐच्छिक देणगी' म्हणून मागितले तरी आकडा तोच राहतो. मी परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली, चहा झाला, २५ हजारांची पावती मिळाली.

ती पावती आणि एजंटचं बिल जपून ठेवा. विक्रीसाठीच झालेला खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो. रोख दिलेली, बिल नसलेली दलाली होत नाही. रोखीचा विषय निघालाच आहे तर घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

कराच्या बाबतीत दोन तारखांचा खेळ सगळ्यात गमतीदार होतो. आमचं साठेखत एका आर्थिक वर्षात आणि खरेदीखत पुढच्या. मध्ये १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे, म्हणजे घरांच्या सरकारी मूल्याचे, दर वाढले. विक्रीची किंमत सरकारी मूल्यापेक्षा फारच कमी असेल, तर आयकर खातं सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरतं. मग कोणत्या तारखेचं मूल्य? साठेखताच्या तारखेचं धरता येतं, पण अट अशी की त्या तारखेपर्यंत किमतीचा काही भाग चेकनं किंवा बँकेतून आलेला असला पाहिजे. टोकन बँकेतून घेण्याचा हा खरा फायदा, आणि तो कुठलाच एजंट सांगत नाही.

नफा मात्र माझ्या बाबतीत दुसऱ्या वर्षाचा. ताबा आणि खरेदीखत दोन्ही मे महिन्यात. पण टीडीएस कापला गेला फेब्रुवारीत, म्हणून तो आधीच्या वर्षाच्या नोंदीत दिसू लागला. उत्पन्न एका वर्षात, त्यावरचा कापलेला कर दुसऱ्यात. सीए मॅडमनी जुलैच्या विवरणपत्रात ते ८० हजार पुढे ओढले. मी स्वतः भरलं असतं तर परतावा मागून बसलो असतो आणि वर्षभरानं नोटीस घेऊन फिरलो असतो.

नफ्यातून नवं घर घेऊन कर वाचवायचा असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यात ज्याला कलम ५४ म्हणत त्याची चौकट लागते. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. रोख्यांचा मार्ग घेतला तर सहा महिन्यांत गुंतवणूक, कमाल ५० लाख, पाच वर्षं अडकून. आता 'विक्रीच्या' म्हणजे कोणत्या तारखेच्या? चंडीगढच्या एका घरावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. साठेखत डिसेंबर २००२ चं. नवं घर एप्रिल २००३ मध्ये घेतलं. कोर्टकज्ज्यामुळे जुन्याचं खरेदीखत झालं सप्टेंबर २००४ मध्ये. खात्याचं म्हणणं, खरेदीखताच्या एक वर्षापेक्षा आधी घर घेतलंत, सवलत नाही. २०१४ च्या निकालात न्यायालयानं साठेखताची तारीख धरून सवलत दिली. पण प्रत्येकानं दिल्लीपर्यंत जायचं कशाला? माझं मत असं की नंतरच्या मुदती साठेखतापासून मोजाव्यात आणि आधीच्या खरेदीखतापासून. दोन्हीकडून आखूड मोजलं की वाद उरत नाही.

आता ताब्याचं. साठेखतानंतर आठवड्यातच आमचा खरेदीदार, अगदी सज्जन मुलगा, म्हणाला, "काका, फक्त किचन ट्रॉलीचं माप घ्यायला चावी देता का? सुतार दिवसभर थांबेल." माप घ्यायला मी स्वतः दार उघडून बसलो, चावी दिली नाही. त्याला राग आला असावा. पण नोंदणीकृत साठेखत आणि त्यावरून दिलेला ताबा एकत्र आले की खरेदीदाराला कायद्याचं कवच मिळतं. आपला भाग पार पाडायला तो तयार असेल तर त्याला बाहेर काढता येत नाही. शिवाय आयकर खात्याच्या लेखी हस्तांतरण तेव्हाच झालेलं असू शकतं. म्हणजे ६४ लाख यायचे आहेत, घर गेलेलं आहे आणि कराचं घड्याळ सुरू. चावी आणि शेवटचा डिमांड ड्राफ्ट एकाच टेबलावर हात बदलले पाहिजेत. ५ मे ला तसेच बदलले. बँकेच्या माणसानं ड्राफ्ट दाखवला, मी सही केली, त्यानं ड्राफ्ट दिला, मी चाव्यांचा जुडगा. त्यात मीटरच्या पेटीचीही होती, ती काढायची राहिली, ते असो.

आणि व्यवहार मधेच फिसकटला तर? विसार पावती फाडून टाकता येते. नोंदवलेलं साठेखत फाडून काही होत नाही. त्याची नोंद सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या यादीत, बसलेली असते आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराचा वकील ती काढतो. दोघांनी सही केलेला रद्दलेख नोंदवावा लागतो. समोरचा सही करायला आला नाही, तर घर अडकलं. उलट बाजूनं, तुम्हालाच जास्त भाव देणारा भेटला म्हणून तुम्ही फिरलात, तर खरेदीदार करार पुरा करून मागण्यासाठी तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावू शकतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयं असा करार पुरा करून द्यायला सहसा सांगतातच. म्हणून साठेखतात दोन तारखा ठळक लिहून घ्या: उरलेली रक्कम कधीपर्यंत, आणि ती न आल्यास किती दिवसांनी काय. 'लवकरात लवकर' हा शब्द आमच्या मसुद्यात तीनदा होता. तिन्ही खोडून तिथे दिवस घातले. जप्त केलेल्या विसारावर कर लागतो, हेही लक्षात असू द्या. तो 'इतर उत्पन्न' म्हणून धरला जातो.

गोव्यातलं घर असेल तर एक गोष्ट आधी तपासा. तिथल्या नागरी कायद्यात लग्नानंतरची मालमत्ता साधारणतः दोघांची, त्यामुळे नाव एकाचं असलं तरी साठेखतापासूनच पती-पत्नी दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात.

परदेशी राहणाऱ्यांचं वेळापत्रक तर साठेखताच्याही आधी सुरू होतं. माझ्या मावसभावाचा बाणेरचा फ्लॅट आहे, तो न्यू जर्सीत. वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. आणि अनिवासी विकणाऱ्याचा टीडीएस एक टक्का नसतो. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा साडेबारा टक्क्यांचा दर, वर अधिभार आणि उपकर, आणि कपात सहसा नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर. कमी कपातीचा दाखला आयकर खातं देतं, पण कपात पहिल्या चेकपासूनच सुरू होते, खरेदीखतापासून नाही. तो मला विचारत होता, "साठेखत उरकून घेऊ का दिवाळीत आलो की, दाखल्याचं नंतर बघू?" मी त्याला तिकीट पुढे ढकलायला सांगितलं.