पार्श्वभूमी : चौदा लाख दशलक्ष म्हणजे किती अब्ज?

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वृत्तपत्रांत सात तलावांच्या पाणीसाठ्याचा तक्ता रोज छापला जातो. त्यातला एक आकडा मात्र वर्षानुवर्षे तोच असतो : सातही तलाव पूर्ण भरले तर साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. या एका आकड्यात लक्ष दोनदा मोजले गेले आहे, हे वाचताना सहसा जाणवत नाही. इंग्रजीतील मिलियनला मराठीत दशलक्ष म्हटले गेले, पुढे दशलक्ष लिटर हेच पाण्याचे एकक झाले आणि त्या एककांची मोजणी पुन्हा लाखांत होऊ लागली. सरळ मांडले तर हे पाणी १,४४७ अब्ज लिटरच्या किंचित वर भरते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील नावांनी वाचायचे झाल्यास ते एक महापद्म, चार निखर्व, चार खर्व, सात अब्ज, तीन अर्बुद, सहा कोटी आणि तीन प्रयुत लिटर होते. असे कोणी वाचणार नाही, हे उघड आहे. पण या सात नावांपैकी कोटी आणि अब्ज मराठीत आपापल्या जागी राहिले, प्रयुत विस्मरणात गेले आणि अर्बुद हिंदीत अरब होऊन अब्जाच्या जागेवर बसले. आजच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ तिथे आहे.

‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची आहे. तिच्या आरंभी एकापासून परार्धापर्यंत, प्रत्येक पायरीला दहापट होत जाणारी अठरा नावे दिली आहेत आणि ती व्यवहारासाठी पूर्वजांनी केली आहेत, असेही तिथेच म्हटले आहे. या यादीत अर्बुद म्हणजे दहा कोटी आणि अब्ज म्हणजे शंभर कोटी. मात्र हे पूर्वज सगळे एकमताचे नव्हते. यजुर्वेदातील प्रसिद्ध गणनेत कोटी हे नावच नाही. तिथे प्रयुतानंतर थेट अर्बुद येते, म्हणून त्याची किंमत एक कोटी भरते. ४९९ च्या आर्यभटीयात एक कोटीच्या स्थानी कोटी आले आणि अर्बुद एक घर पुढे सरकून दहा कोटी झाले. शंभर कोटींना तिथे अब्ज न म्हणता वृंद म्हटले आहे. हिंदीतील अरब आणखी एक घर पुढे गेला आणि शंभर कोटी झाला. एकच शब्द एक कोटी, दहा कोटी आणि शंभर कोटी अशा तीन किमतींचा धनी झाल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

हे सरकणे का घडले असावे, याचा उलगडा बोलण्याच्या सवयीत शोधावा लागतो. लोकव्यवहाराने प्रत्येक दहापटीला स्वतंत्र नाव ठेवले नाही. अयुताच्या जागी दहा हजार आले, प्रयुताच्या जागी दहा लाख आणि अर्बुदाच्या जागी दहा कोटी. म्हणजे एक घर सोडून एक नाव टिकले आणि मधली घरे ‘दहा’ने भरून निघाली. हजार, लाख, कोटी या क्रमात पुढचे नाव शंभर कोटींचेच हवे होते. मराठी आणि गुजराती भाषांनी त्या घरात जो मूळचा रहिवासी होता, त्या अब्जालाच राहू दिले. गुजरातीत तो अबज झाला, एवढेच. हिंदीने मात्र शेजारच्या घरातून अर्बुदाला आणून तिथे बसवले. खर्वाचेही तेच झाले. ‘लीलावती’त खर्व म्हणजे हजार कोटी, तर हिंदीतील खरब दहा हजार कोटींचा, म्हणजे निखर्वाच्या घरातला. नेपाळीतही अर्ब आणि खर्ब याच हिंदी किमतींचे आहेत. मराठीत या टोकाला दोन्ही परंपरा ऐकू येतात. कोणी अब्जानंतर लगेच खर्व म्हणतात, तर कोणी अब्ज, दशअब्ज आणि मग खर्व, असे म्हणतात. म्हणून खर्व हा शब्द लेखनात टाळलेलाच बरा. अब्जाबाबत मात्र अशी अडचण नाही. दादरला मराठी दैनिक वाचणाऱ्याचा अब्ज आणि घाटकोपरला गुजराती दैनिक वाचणाऱ्याचा अबज एकाच किमतीचे आहेत, आणि हे त्या शब्दाच्या बाजूने पुरेसे बोलके आहे.

हिंदी मजकुरावरून घाईने उतरवलेल्या मराठी बातमीत ‘दोन अरब रुपये’ असे कधी शिल्लक राहते, तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर रुपयांऐवजी दोन अरबी गृहस्थ उभे राहतात. मूळ अर्बुद परत आणावा, तर त्याचीही सोय उरलेली नाही. संस्कृतात अर्बुद म्हणजे गाठ किंवा मांसपिंड, आणि आजच्या मराठी वैद्यकीय लेखनात तो शब्द याच अर्थाने पक्का झाला आहे. अब्जाचा मूळ अर्थ पाण्यात जन्मलेले, म्हणजे कमळ. महापद्म हेही कमळच. फुलाचे नाव एवढ्या मोठ्या संख्येला का मिळाले, याची स्पष्टीकरणे बरीच दिली जातात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की कमळात कोणतीही संख्या दडलेली नाही आणि म्हणून ते कोणाची दिशाभूलही करत नाही. बिलियनचे नेमके उलटे आहे.

मिलियन हा मूळचा इटालियन शब्द. हजार या अर्थाच्या शब्दाला थोरपणा दाखवणारा प्रत्यय लागून तो झाला, म्हणजे शब्दशः ‘मोठा हजार’. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याला ‘बि’ हा दोन दाखवणारा उपसर्ग जोडला गेला. १४८४ च्या एका फ्रेंच हस्तलिखितात बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, आपल्या हिशेबाने एक लाख कोटी, असा अर्थ नेमका दिला आहे. पुढे फ्रान्समध्येच हजार मिलियनला बिलियन म्हणण्याची दुसरी पद्धत रुजली. ती अमेरिकेने उचलली. ब्रिटनने जुनी राखली. फ्रान्सने १९६१ मध्ये अधिकृतपणे जुन्या पद्धतीकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर तेरा वर्षांनी, डिसेंबर १९७४ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत लेखी उत्तर देऊन सरकारी वापरात बिलियन म्हणजे हजार मिलियनच राहील, असे जाहीर केले. शेजारच्या दोन देशांनी एकाच पिढीत एकाच शब्दाची दिशा उलटसुलट केली. जर्मन आणि स्पॅनिश भाषांत बिलियनशी मिळताजुळता शब्द आजही लाख कोटींचाच आहे. शंभर कोटींना जर्मन मिलियार्डे म्हणतात.

ब्रिटनमधील बदल व्यापाराच्या सोयीचा होता, हे मान्य करावे लागते. पण त्याची किंमत जुन्या मजकुराच्या वाचकाने मोजली. १९७४ पूर्वीच्या ब्रिटिश पुस्तकातील बिलियन मराठीत आणताना अब्ज लिहिले, तर आकडा हजारपटीने घटू शकतो, आणि ही चूक भाषांतर तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असते.

आपली नावेही परदेशी गेली, तेव्हा त्यांच्या किमती अशाच घसरल्या किंवा चढल्या. इंडोनेशियात अयुतापासून आलेला जुता दहा हजारांऐवजी दहा लाखांचा झाला आणि लक्षापासून आलेला लाक्सा दहा हजारांवर उतरला. इराणमध्ये आपला करोड ‘कुरूर’ होऊन पाच लाखांवर स्थिरावला; १८२८ च्या तुर्कमानचाय तहात रशियाला द्यायची दहा कुरूर तुमान खंडणी म्हणजे दहा कोटी नव्हे, तर पन्नास लाख तुमान. स्वाहिलीतील लाकी मात्र प्रामाणिकपणे एक लाखच राहिला. चीन आणि जपानमध्ये मोजणीची पायरीच चार शून्यांची असल्याने तिथे दहा कोटींना स्वतंत्र नाव आहे. ‘लीलावती’तील अर्बुदाला आजही कुणी समवयस्क असेल, तर तो जपानी ओकु.

मुंबईच्या बोलीने या सगळ्यावर स्वतःचा तोडगा काढला. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. हे शब्द दीर्घकाळ दलालांच्या आणि त्याहून अंधाऱ्या व्यवहारांत होते. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिलेल्या घोषणेतून खोका घराघरांत पोहोचला. अब्जासाठी मात्र या बोलीत असा रुळलेला शब्द नाही. तिथे शंभर खोकेच मोजावे लागतात.

औपचारिक लेखनातही कोटीच्या पुढे जाण्याची अनिच्छा दिसते. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे होता. त्याला ७४० अब्जांच्या पुढचा असे कोणी म्हटले नाही. केंद्राचा त्याच वर्षाचा खर्च ५० लाख कोटींच्या घरात होता आणि ट्रिलियनला मराठीत लाख कोटी हेच रूप रुळले. पैशांसाठी ही मांडणी समजण्यासारखी आहे, कारण वाचक रुपये कोटींतच तोलतो. पाण्याला तसे काही बंधन नाही आणि तिथे अब्ज वापरातही आहे : राज्यातील मोठ्या धरणांचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, छापला जातो, कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट, असे मराठी वाचक अडखळल्याशिवाय वाचतात. मुंबईच्या तलावांचा तक्ता तेवढा दशलक्ष लिटरमध्ये राहिला आहे, कारण शहराचा रोजचा पुरवठा एमएलडीमध्ये, म्हणजे दररोज दशलक्ष लिटरमध्ये, मोजला जातो आणि साठ्याला पुरवठ्याने भागले की किती दिवसांचे पाणी उरले, ते अभियंत्याला लगेच कळते. हा पुरवठा चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास असतो. चार अब्ज लिटर.