सोन्याच्या तपकीरडब्या आणि पॅरिसची ग्रीक हौस

अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये प्राचीन ग्रीक-रोमन कलेची ओढ नव्याने जागी झाली. या नवअभिजात शैलीचा विषय निघाला की खांब, कमानी आणि घुमट डोळ्यांसमोर येतात. पण वास्तूला वेळ लागतो. वास्तुविशारद सूफ्लोकडे पॅरिसच्या सेंत-जनव्हिएव्ह चर्चचं, म्हणजे आजच्या पाँथेऑनचं, काम १७५५ मध्ये आलं आणि ते पुरं व्हायला १७९० उजाडलं. खिशातल्या तपकीरडबीला एवढा धीर नसतो. बदलती आवड तिच्यावर लगेच उमटते, आणि म्हणूनच या शैलीचा इतिहास मला डब्यांवर वाचायला आवडतो.

सुरुवात इटलीतल्या उत्खननांपासून. हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये सुरू झालं. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिचा धाकटा भाऊ, पुढचा मार्की द मारिन्यी, १७४९ मध्ये इटलीच्या दौऱ्यावर निघाला. राजाच्या बांधकाम खात्याची सूत्रं पुढे त्याच्याकडे यायची होती, त्यासाठीची ही तयारी. सोबत सूफ्लो होता आणि चित्रकार-खोदकार कोशँही. परतल्यावर कोशँने डिसेंबर १७५४ मध्ये ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात एक विनवणी छापली. ती होती सोनारांना आणि लाकडावर कोरीव काम करणाऱ्यांना: शिंपले आणि वेड्यावाकड्या वेलबुट्ट्या पुरे, सरळ रेषेला जरा मान द्या. रोकोको, म्हणजे याच शिंपल्या-वेलबुट्ट्यांच्या शैलीवरच्या या प्रसिद्ध टीकेत सोनारांना आवर्जून हाक मारलेली आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

हाक ऐकली गेली. १७६३ मध्ये पॅरिसमधला लेखक ग्रिम याने लिहून ठेवलं आहे की पॅरिसमध्ये सगळंच ग्रीक धर्तीचं झालंय आणि छानछोकी तरुणांना तशी डबी जवळ नसली तर अपमान झाल्यासारखं वाटतं.

डबीचं रूपच पालटलं. शिंपल्याच्या आकाराच्या डब्या मागे पडून लंबगोल डब्यांची चलती झाली. कडेला चपटे अर्धस्तंभ, त्यांच्यामधल्या चौकटींत कलश, लॉरेलच्या पानांचे हार. रंगसंगती साधायची ती सोन्यातच: तांबं मिसळून तांबूस, चांदी मिसळून हिरवट. यंत्रावर बारीक लहरी कोरायच्या आणि त्यावर पारदर्शक मीना चढवायचा, म्हणजे डबी हलवली की खालची नक्षी चमकते. ब्लेर्झी आणि वाशेत ही या कामातली मोठी नावं. १७७०-७१ मध्ये लुई रूसेलने घडवलेल्या एका डबीवर व्हान ब्लारनबर्गने मंत्री श्वाझलच्या पॅरिसमधल्या वाड्याची दालनं रंगवली आहेत, भिंतींवरच्या चित्रांसकट. वाड्याची अंतर्गत सजावट कळण्यासाठी आज अभ्यासक याच डबीकडे वळतात.

१७९१ मध्ये क्रांतीने कारागिरांचे संघच मोडीत काढले. वाशेत मात्र काम करत राहिला. नेपोलियनलाही तपकिरीचं व्यसन होतं आणि आपलं चित्र असलेल्या डब्या भेट द्यायची पद्धत त्याने चालू ठेवली.

पुढे तपकीर मागे पडली, तरी डब्यांची ओढ गेली नाही. दुसऱ्या साम्राज्यात, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, त्याची सम्राज्ञी युजेनी हिला सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिचा ध्यास होता. १८६७ मध्ये व्हर्सायच्या ‘पती त्रियानाँ’ या छोट्या महालात त्या राणीच्या स्मृतीचं प्रदर्शन भरलं आणि सोळाव्या लुईच्या काळातली शैली पुन्हा चलनात आली. सेंट पीटर्सबर्गमध्ये फाबर्झे या सोनाराने तिथल्या हर्मिटेज संग्रहालयाच्या खजिन्यातल्या जुन्या कामांचा जवळून अभ्यास केला होता. त्याच्या कार्यशाळेने ब्लेर्झीच्या डबीवरून एक डबी घडवली आणि रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याला अस्सल कुठली ते ओळखता आलं नाही, असं सांगतात. फाबर्झेचा गिलोशे मीना, म्हणजे यंत्रावर कोरलेल्या लहरींवरचा मीना, पाहताना पॅरिसचे हे सोनार आठवतातच.

उलट हानाउच्या जर्मन कारखान्यांनी पॅरिसच्या सोनारी छापांशी मिळतेजुळते छापही डब्यांवर उमटवले. त्यामुळे जाणकार नुसत्या नक्षीवर भरवसा ठेवत नाहीत. कारागिराचा छाप, संघाचं दरवर्षी बदलणारं अक्षर आणि करवसुलीचे छाप एकमेकांशी जुळतात का, आणि त्या वर्षी तो कारागीर खरोखर काम करत होता का, हे ते आधी तपासतात.