नवरा-बायकोतल्या हिंसेच्या खटल्यात तज्ज्ञाची साक्ष (कोकण)

नवऱ्याने बायकोला मारलं, जाळलं, गळा दाबला, विष पाजलं, किंवा बायकोच्या हातून नवऱ्याचा जीव गेला, अशा फौजदारी खटल्यात घटना स्वतः बघितलेली नसताना आपल्या विषयातल्या ज्ञानावर जो कोर्टाला मत देतो त्याची साक्ष म्हणजे तज्ज्ञाची साक्ष. साध्या साक्षीदाराने डोळ्यांनी काय बघितलं तेवढंच सांगायचं असतं, तुझं मत काय असं त्याला कोणी विचारत नाही, तज्ज्ञाला मात्र मतच विचारतात आणि ते मत कशावरून बनवलं तेही विचारतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम ४५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आलंय. तज्ज्ञ म्हणेल तेच खरं असं कायद्याने कुठेही धरलेलं नाही, मत सल्ल्यासारखं असतं, निर्णय न्यायाधीशाचा.

कोकणात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, खेड, ओरोस इथल्या सेशन्स कोर्टांत अशा खटल्यात तज्ज्ञ म्हणजे बहुतेक वेळा सरकारी दवाखान्यातला मेडिकल ऑफिसर. ग्रामीण रुग्णालयात रात्रीची ड्युटी करणारा, नुकताच एमबीबीएस झालेला, पीएम (पोस्टमॉर्टेम) पण तोच करणार, साप चावलेला पेशंट पण तोच बघणार आणि बाळंतपण पण तोच. त्याच्याशिवाय केमिकल अनालायझर (सरकारी लॅबमध्ये विष वगैरे तपासणारा, सगळे सीए म्हणतात), हस्ताक्षर बघणारे, मोबाईल तपासणारे आणि क्वचित मानसोपचारतज्ज्ञ.

घराच्या आत घडलेला गुन्हा

या खटल्यांत तज्ज्ञाला एवढं महत्त्व येतं कारण बघणारं कोणी नसतं. कोकणातली घरं वाडीत पण सुटी सुटी, प्रत्येकाचं आपापलं परडं, मध्ये गडगा (दगडी कुंपण), त्यात पावसाळ्यात कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असला की शेजारच्या घरातली आरडाओरड ऐकू येत नाही, आणि आली तरी 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा' म्हणून कोणी उठत नाही. घरात असतात सासू-सासरे आणि पोरं, त्यांनी खरं सांगायचं म्हटलं तर पुढे राहायचं त्याच घरात. म्हणून साक्षीदार फितूर होतात. कधी कधी मार खाल्लेली बाईच कोर्टात 'मी पडले होते' म्हणते. तेव्हा मागे उरतो तो दवाखान्यातला कागद.

२००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात हे स्पष्ट सांगितलं की घराच्या चार भिंतींच्या आत बायको मेली आणि नवरा तिच्यासोबत होता तर काय झालं त्याचा खुलासा त्याने द्यायला पाहिजे (जुनं कलम १०६, आताचं १०९), खोटा खुलासा दिला तर पुराव्याच्या साखळीत ती आणखी एक कडी धरता येते. त्या खटल्यात सासरच्यांनी साप चावला म्हणून सांगितलं होतं आणि पीएममध्ये गळा दाबल्याचं निघालं. ही केस नांदेड भागातली, पण आपल्याकडच्या माणसाला ती लगेच कळते, कारण पावसात साप चावून माणूस जाणं कोकणात खरोखरच होतं आणि म्हणूनच ते कारण गावात कोणाला खोटं वाटत नाही.

इथे डॉक्टरची खरी परीक्षा आहे. फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून नि लघवीतून रक्त येतं, चावल्या जागी सूज येते, आणि माणूस सहसा तासाभरात जात नाही. मण्यारीचं उलटं, रात्री झोपेत चावते, दुखत नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस गुदमरतो. म्हणजे अंगावर खूण नाही म्हणून साप नाही असं डॉक्टरला म्हणता येत नाही, आणि साप म्हणतायत म्हणून मान न उघडता सोडूनही चालत नाही. मान तपासायची तर आधी डोकं आणि छाती उघडून रक्त निचरू द्यायचं, मग मानेचे स्नायू एकेक थर सोडवत जायचं, कंठास्थी (हायॉइड) मोडलंय का, आतल्या थरात रक्त साकळलंय का ते बघायचं. ही तपासणी त्या दिवशी झाली नाही तर परत कधीच होत नाही, कारण बॉडी नातेवाईकांच्या ताब्यात जाते आणि संध्याकाळपर्यंत दहन झालेलं असतं.

फास, विहीर, आग

गळफास की गळा आवळला, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. फास घेतला असेल तर वळ साधारण तिरका, हनुवटीखाली वर चढत गेलेला आणि गाठीच्या जागी तुटलेला असतो, आवळला असेल तर बहुतेक आडवा, खाली आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला. लाळेचा ओघळ दिसला तर जिवंतपणी फास लागल्याच्या बाजूने जातो. आपल्याकडे काथ्याचा सुंभ घरोघरी, त्याचा पीळ कातडीवर उठतो, म्हणून दोरी मानेवरून काढताना गाठ सोडायची नाही, गाठीपासून लांब कापायची आणि डॉक्टरला दाखवायची. कोयत्याचंही तसंच, जप्त केलेलं हत्यार डॉक्टरला दाखवून 'या जखमा याने होऊ शकतात का' असा अभिप्राय घेतलाच नाही, तर बचावाचा वकील उलटतपासणीत तेवढं एकच धरून बसतो.

विहिरीचं जास्त अवघड. चिऱ्याने बांधलेली खोल विहीर, कठडा कमी, पाणी भरताना पाय घसरला म्हटलं की पटतं. बुडून मेलेल्याच्या नाकातोंडाशी पांढरा बारीक फेस, मुठीत शेवाळ किंवा गाळ, पोटात नि फुप्फुसात पाणी. मेल्यावर टाकलं असेल तर हे सहसा मिळत नाही. मग डायटम टेस्ट, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म शैवाळाचे कण हाडाच्या मगजात पोचले का ते बघणं, कारण रक्त फिरत असेल तरच ते तिथपर्यंत जातात. पण ताडून बघायला त्याच विहिरीचं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन सोबत पाठवायला लागतं, नाहीतर त्या रिपोर्टला फारसा अर्थ राहत नाही. आणि खाडीत किंवा समुद्रात सापडलेली बॉडी असेल तर मासे-कुर्ल्यांनी खाल्लेल्या जागा जखमांसारख्या दिसतात, दमट हवेत बॉडी लवकर फुगते, मग मरणाची वेळ सांगताना प्रामाणिक डॉक्टर एक आकडा देत नाही, पल्ला देतो. उलटतपासणीत त्याला ढिला साक्षीदार म्हणतात, पण बरोबर तोच असतो.

जळण्यात श्वासनळीत काजळी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साईड मिळाला तर आग लागली तेव्हा बाई जिवंत होती एवढं कळतं, कोणी लावली ते नाही. त्यासाठी मृत्युपूर्व जबाब. जबाबावर 'पेशंट शुद्धीवर आहे, जबाब द्यायच्या स्थितीत आहे' हा डॉक्टरचा शेरा असतो, तो नसला म्हणून जबाब बाद होत नाही, घेणाऱ्याने स्वतःची खात्री केली असेल तर चालतं, असं २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंय. तरीही शेरा वेळेसकट असलेला बरा.

विषाच्या केसेसमध्ये आंबा-काजूच्या फवारणीचं औषध घरातच असतं, म्हणून 'विष कुठून आणलं' या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) बरणीत घालून सील करून लॅबला जातो, मुख्य लॅब मुंबईत कलिन्याला, आणि तोवर पीएम नोट्सवर 'ओपिनियन रिझर्व्ह्ड' (मत राखून ठेवलंय) लिहिलेलं असतं. पुण्यातल्या एका सायनाईडच्या खटल्यात १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवऱ्याला सोडलं, विषाने मेली हे नक्की होतं पण आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती. तज्ज्ञ कशाने ते सांगतो, कोणी ते सांगू शकत नाही, हा फरक त्या निकालाने पक्का केला.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा ती संशयास्पद रीतीने मेली तर पीएम करायलाच लागतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४), मग गावातल्या कोणी कितीही 'साधा मृत्यू, कशाला फाडता' म्हटलं तरी.

जिवंत बाईचा दाखला

या विषयावर जे काही लिहिलं बोललं जातं ते सगळं मेलेल्या बाईबद्दल. खरं तर तज्ज्ञाची साक्ष सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकते ती अजून जिवंत असलेल्या बाईला, आणि तिथेच ती सगळ्यात अर्धवट असते. ती ओपीडीत येते, सोबत सासू किंवा नवराच असतो, आणि म्हणते 'न्हाणीत घसरान पडलंय'. डॉक्टर तेच लिहितो. पडल्याने खांद्याच्या मागे आडवे वळ येत नाहीत, हाताच्या बाहेरच्या कडेला वार अडवल्याचे काळेनिळे डाग येत नाहीत, एकाच अंगावर लाल, निळे, पिवळे असे वेगवेगळ्या दिवसांचे डाग येत नाहीत, हे तो शिकलेला असतो. सोबतच्या माणसाला बाहेर बसवून एकदा विचारलं आणि तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिलं तर दोन-तीन वर्षांनी ती कोर्टात फिरली तरी तो कागद फिरत नाही. भाषेची पण अडचण आहे, घाटावरून किंवा विदर्भातून आलेल्या डॉक्टरला 'नरड्याक धरल्यान' हे धड समजत नाही, तो 'मारहाण' एवढंच लिहितो, आणि गळा दाबला होता ही गोष्ट रेकॉर्डवरून कायमची जाते.

गळा दाबून वाचलेल्या बाईच्या मानेवर बरेचदा बाहेरून काहीच दिसत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात, कधी कपड्यातच लघवी झालेली असते. हे विचारलं नाही तर दाखल्यावर (जखमांच्या सर्टिफिकेटवर) येतं 'साधी दुखापत'. गंभीर दुखापतीची कायद्यातली यादी ठरलेली आहे, हाड किंवा दात मोडणं, डोळा जाणं, जिवाला धोका होईल अशी इजा, किंवा पूर्वी २० आणि आता न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये १५ दिवस तीव्र वेदना होणं. जिवाला धोका हे शब्द त्या यादीत आहेत, डॉक्टरने ते वापरायला पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

मनाबद्दलची साक्ष

एवढं होतं तर ती राहिलीच का, माहेरी का गेली नाही, गेली तर परत का आली. हे प्रश्न प्रत्येक खटल्यात विचारले जातात आणि त्यांचं उत्तर द्यायला कोणी तज्ज्ञ बोलावला जात नाही म्हटलं तरी चालेल. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मार, माफी, थोडी शांतता, परत मार असं चक्र मांडलं आणि त्यात अडकलेल्या बाईची सुटकेची आशाच कशी संपते ते सांगितलं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये नवऱ्यासारख्या जोडीदाराला मारलेल्या बाईच्या बाजूने अशी मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष ग्राह्य धरली, इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये नवऱ्याला मारलेल्या किरणजीत अहलुवालिया यांची खुनाची शिक्षा अपिलात रद्द झाली ती मानसिक स्थितीच्या पुराव्यामुळे. आपल्याकडे २०१३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने हा विचार धरून शिक्षा कमी केली. 'तीच का नाही गेली' हे समजून घेण्यासाठी काही वेळा तर तज्ज्ञ पण नको, नवरा मुंबईला चाकरीला, जमीन सासऱ्याच्या नावावर, माहेरी भावाचा संसार, एवढं कोर्टासमोर नीट आणलं तरी पुष्कळ.

उलट बाजूने वेडाचा बचाव येतो. १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बायकोला मारलेल्या नवऱ्याचाच आहे, त्यात म्हटलंय की बघायचं ते गुन्ह्याच्या क्षणाचं मन, आधीचं-नंतरचं त्याला धरून. आरोपीला वेडेपणा शंभर टक्के सिद्ध करावा लागत नाही, शक्यता जास्त दिसली तरी पुरे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण तिथले डॉक्टर सांगू शकतात ते पेशंट समोर आल्यावरच्या दिवसांबद्दल.

कोर्टात

सीएचा रिपोर्ट साक्षीला न बोलावता वाचता येतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २९३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९), पीएम करणाऱ्या डॉक्टरला ती सवलत नाही, दुसऱ्या बाजूने रिपोर्ट मान्य केला तरच त्याची चक्कर वाचते. खटला उभा राहीपर्यंत त्याची बदली झालेली असते, ओरोसचं समन्स त्याला गडचिरोलीत मिळतं. व्हिडीओवरून साक्ष चालते हे २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात, अमेरिकेतल्या डॉक्टरच्या साक्षीवरून, सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय, तरी सगळीकडे लाईन धड लागते असं नाही. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. अपिलात डॉक्टरला सहसा परत बोलावत नाहीत, त्याची खालची साक्ष आणि पीएम नोट्स वाचतात.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे लिहिणाऱ्या डॉक्टरची बदली झाली, तो रिटायर झाला किंवा वारला तर त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला बोलावून त्या कागदावर साक्ष घेता येते. त्याने ती बाई कधी बघितलेली नसते. मानेबद्दल काय लिहिलंय ते तो वाचून दाखवतो, आणि मानेबद्दल काही लिहिलेलंच नसेल तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.