इंग्लिश फौजदारी कायद्याचे अध्ययन

इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला फौजदारी कायदा हा पायाभूत विषय म्हणून शिकावा लागतो. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र असल्याने तो या अभ्यासात येत नाही. भारतीय विद्यार्थी कलमांचे क्रमांक पाठ करीत या विषयात शिरतो, तर इंग्लिश विद्यार्थ्यापुढे अशी एकसंध संहिताच नसते. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या ‘लॉ कमिशन’ या आयोगाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितेच्या मसुद्याला कायद्याचे रूप कधीच मिळाले नाही. खुनाची व्याख्या आजही कोणत्याही अधिनियमात नाही. ती सतराव्या शतकातील न्यायाधीश एडवर्ड कोक यांच्या लेखनातून आणि नंतरच्या निवाड्यांतून जुळवावी लागते. ज्या राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये भारताला दंडसंहिता दिली, त्यांच्या स्वतःच्या घरी ती अजून नाही, ही गंमतच म्हणायची.

साहजिकच येथे शिकायचे ते निवाड्यांतून. गुन्ह्याचे कृत्य म्हणजे ‘ॲक्टस रिअस’ आणि त्यामागील दोषी मन म्हणजे ‘मेन्स रिया’ ही जोडी प्रारंभीच भेटते, आणि दोन्ही एकाच वेळी असली पाहिजेत हा नियम फेगन खटल्यातून समजतो. फेगनच्या मोटारीचे चाक पोलिसाच्या पायावर चढले ते कदाचित नकळत; मात्र सांगूनही त्याने ते लगेच हटवले नाही. चाक पायावर असेपर्यंत कृत्य चालूच होते आणि दुष्ट हेतू मागाहून येऊन त्याला मिळाला, असे बहुमताने ठरले. एका न्यायाधीशाला हे पटले नाही, आणि विद्यार्थ्याने खरे तर त्यांचे भिन्नमतही तितकेच बारकाईने वाचायला हवे.

रद्द ठरलेले निवाडेही सोडून चालत नाहीत. वर्तमानपत्रे पेटवणाऱ्या ११ व १२ वर्षांच्या दोन मुलांच्या खटल्यात तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००३ मध्ये बेदरकारपणाची जुनी वस्तुनिष्ठ कसोटी, म्हणजे सर्वसामान्य समंजस माणसाला धोका दिसला असता का हे पाहणारी, मोडीत काढली. आरोपीला स्वतःला धोका जाणवला होता का, हा प्रश्न पुन्हा मध्यभागी आला. जुनी कसोटी कोणावर अन्याय करीत होती हे माहीत नसेल, तर या बदलाचे कारणच कळत नाही.

परीक्षेत बहुधा एक काल्पनिक प्रसंग देऊन कोणावर कोणता गुन्हा शाबीत होईल, असे विचारतात. उपासमारीत केबिन बॉयला मारून खाणाऱ्या डडली आणि स्टीफन्स या खलाशांचा १८८४ चा खटला, ज्यात नाइलाज हा खुनाचा बचाव मानला गेला नाही, तेथे हमखास उपयोगी पडतो. भारतातील विधी महाविद्यालयांतही तो शिकवला जातो.