चिमणीतली उष्णता पुन्हा बर्नरकडे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या फोर्जिंग शेडमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवतात तिथे, भट्टीचं दार वर उचललं, की आतला पोलादाचा तुकडा पिवळाजर्द दिसतो. त्याचं तापमान साधारण १,२०० अंश सेल्सिअस. सगळ्यांचे डोळे त्या तुकड्यावर असतात, पण इंधनाचा मोठा वाटा त्याच क्षणी चिमणीकडे निघालेला असतो. उष्णता गरमाकडून थंडाकडेच वाहते. त्यामुळे अशा एका कप्प्याच्या भट्टीत १,२०० अंशांचं पोलाद तापवणारा धूर त्याहून गार होऊन बाहेर पडूच शकत नाही. यात कामगाराचा हलगर्जीपणा नाही. जास्त तापमानाच्या अशा भट्टीचा हा स्वभावच आहे.

किती उष्णता जाते त्याचा हिशेब करता येतो. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. १ घनमीटर मिथेन पूर्ण जाळायला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात थोडी जास्तच द्यावी लागते, म्हणून साडेदहा धरू. या हवेत कामाचा ऑक्सिजन फक्त एकपंचमांश. उरलेला नायट्रोजन ३० अंशांवर आत येतो, फुकट तापतो आणि बाहेर जातो. १ घनमीटर मिथेनमधून साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते. धूर १,००० अंशांवरच बाहेर पडतो असं धरलं, तरी त्यातली १७ मेगाज्यूल तोच घेऊन जातो, म्हणजे जवळपास निम्मी. १,२०० अंशांवर हा वाटा निम्म्याच्याही पुढे जातो.

ही उष्णता वाचवायचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यावर पाणी तापवता येतं, वाफ करता येते, ओला माल वाळवता येतो. आपल्या जुन्या चुलीला वैल असायचा, तो याच तत्त्वावर: मुख्य जाळावर भाकरी आणि बाजूने जाणाऱ्या धगीवर आमटी गरम. पण भट्टीच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेगळा मार्ग. ती उष्णता दुसऱ्या कामाला न लावता जाळासाठी येणाऱ्या हवेलाच द्यायची.

कारण इथे १ युनिट परतवलं, की जवळपास २ युनिट इंधन वाचतं. पहिल्यांदा ऐकताना हे खरं वाटत नाही. पण बघा, भट्टीत इंधनातून १०० युनिट उष्णता टाकली, तर साधारण ५० मालाला आणि भिंतींना मिळते, ५० धुरातून जाते. म्हणजे मालाला १ युनिट जास्त द्यायचं तर २ युनिटचं इंधन जाळावं लागतं. गरम हवेसोबत आलेल्या उष्णतेचं तसं नाही. तिच्यासोबत जादा धूर येत नाही, त्यामुळे ती सगळीच्या सगळी भट्टीच्या कामी येते. वरच्याच उदाहरणात हवा ४०० अंशांपर्यंत तापवून दिली, तर इंधनात २०-२३ टक्के बचत निघते. पाणी तापवून हा दुप्पट लाभ मिळत नाही.

जळणंही सुधारतं. गरम हवेत ज्योत चटकन पेटते, स्थिर राहते आणि दीड-दोनशे अंशांनी जास्त तापते. तापलेल्या भट्टीत बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने पोचते. ही किरणांची उष्णता निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, त्यामुळे माल लवकर तापतो. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या भट्टीत तेलाचे थेंबही लवकर वाफ होतात आणि काजळी कमी धरते.

ही कल्पना जुनी आहे, पण ती आली तेव्हा लोखंडवाल्यांना उलटीच वाटली. हिवाळ्यात भट्टी चांगली चालते, त्यामुळे फुंकायची हवा जितकी थंड तितकं बरं, अशी त्यांची समजूत होती. हवा गार राहावी म्हणून काही जण नळांना पांढरा रंग देत. खरं कारण बहुधा हे, की हिवाळ्यातली हवा कोरडी आणि दाट असते. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स ब्यूमाँट नीलसनने गरम हवेच्या झोताचं पेटंट घेतलं. ग्लासगोजवळच्या क्लाइड कारखान्यात टनभर लोखंडामागे ८ टनांच्या आसपास लागणारा कोळसा ५ टनांवर आला. १८५६ मध्ये फ्रेडरिक सीमेन्सने रीजनरेटर भट्टी आणली. तिच्यात धुराची उष्णता विटांच्या जाळीत साठते आणि मग येणाऱ्या हवेला मिळते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधलं शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं शेवटचं शुक्रवारचं व्याख्यान १८६२ मध्ये याच भट्टीवर झालं.

आज उपकरणं मुख्यतः दोन जातींची. रिक्युपरेटरमध्ये धातूच्या भिंतीच्या एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने हवा जाते. रीजनरेटिव्ह बर्नर जोडीने चालतात. एक जळत असताना दुसऱ्यातून धूर ओढला जातो आणि त्यातले सिरॅमिकचे गोळे तापतात. थोड्या वेळाने भूमिका बदलतात आणि हवा त्या तापलेल्या गोळ्यांतून आत येते. असा बर्नर हवेला भट्टीच्या तापमानाच्या बरंच जवळ नेतो. धातूच्या रिक्युपरेटरला तिथवर जाता येत नाही, कारण अति तापलेला धातूच टिकत नाही.

नुसतं उपकरण बसवून भागत नाही, कारण जुना बर्नर थंड हवेसाठी बनलेला असतो. ३० अंशांवरची हवा ४०० अंशांवर सव्वादोन पट फुगते. ब्लोअर थंड बाजूलाच ठेवावा लागतो, आणि हवा-इंधनाचं प्रमाण आकारमानावर नाही, वजनावर सांभाळावं लागतं. फर्नेस ऑइलमध्ये गंधक असतं, त्यामुळे धूर फार गार केला तर नळ्यांवर गंधकाम्ल जमून त्या खाल्ल्या जातात. आणि ज्योत जास्त तापली, की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. टीटीसी एमआयडीसी, म्हणजे या पट्ट्यातली औद्योगिक वसाहत, आणि घणसोली-कोपरखैरण्याची वस्ती यांच्यामध्ये फक्त रस्ता आणि रेल्वेरुळांचं अंतर आहे. त्यामुळे इंधन वाचवताना हवा बिघडवणं इथे मुळीच परवडणारं नाही. यावर उपायही आहे. हवा आणि वायू वेगाने आत सोडून आधी भट्टीतल्याच धुरात मिसळू दिले, तर दिसणारी ज्योत राहत नाही आणि सगळ्या भट्टीभर संथ, सारख्या तापमानाचं ज्वलन होतं. बचत राहते, ऑक्साइड्स मात्र खूप घटतात.

लहान कारखानदाराने सुरुवात याहून स्वस्त गोष्टीपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. धुरातला ऑक्सिजन मोजावा. वायूवरच्या चांगल्या बर्नरला तो ३ टक्क्यांच्या आसपास पुरतो. ८-१० टक्के निघाला, तर बर्नरला हवा जास्त मिळते आहे किंवा दाराच्या फटीतून आत शिरते आहे. चिमणीची ओढ जास्त असली, की भट्टी अशी बाहेरची हवा खेचते. मग डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, थोडा आवळून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवावा आणि फटींना सिरॅमिक ब्लँकेट लावावं. यात दुहेरी फायदा आहे, कारण जादा ऑक्सिजन पोलादावर पपडी धरवतो आणि ती पपडी म्हणजे थेट मालाचं नुकसान. रिक्युपरेटरचा आकार यानंतर ठरवावा. फटीतून आलेली हवा धुराचं आकारमान वाढवते आणि त्याला गारही करते, त्यामुळे गळक्या भट्टीवर घेतलेल्या मापाने उपकरण हमखास चुकीचं येतं.